सुगोचे दात

मावशीने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि थोरलीच्या टेबलावर, ओल्या प्लास्टरच्या साच्यांच्या मधोमध ठेवली.

"घे. तुझ्या आईचे दात."

थोरलीने हातातली मेणाची सुरी बाजूला ठेवली. दात तिला नवे नव्हते. तिचा सगळा दिवस दातांतच जायचा. एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यामागे तिची चिंचोळी लॅब होती. पुढे डॉक्टरबाई माणसाच्या तोंडाचा ठसा घ्यायच्या आणि मागे थोरली त्यावरून कवळी घडवायची. भिंतीवरच्या फळीवर सगळ्या वस्तीचं हसू ओळीने वाळत पडलेलं असे. रुमालातली ही कवळीही तिनेच घडवलेली, आईसाठी, फार मनापासून.

"काय झालं? बसत नाही?"

"कशी बसेल? झटका आल्यापासून तोंड एका अंगाला उतरलंय. घातली की टाळूवरून सटकते नि खडखडते. मग ती काढते आणि माझ्या अंगावर फेकते. नेमबाजी बरी आहे तिची, हातात जोर आलाय म्हणायचा." मावशी स्टुलावर टेकली, पदराने गळा पुसला आणि मग मुद्द्यावर आली. "आणि ऐक. आज सकाळी ती बोलली."

"आई बोलली?"

"बोलली म्हणजे, नळ सुटावा तशी बोलतेय. हॉस्पिटलात एक शब्द नाही, घरी आल्यावर आठवडाभर एक शब्द नाही, आणि आज जी सुरू झाली! पण काय बोलते ते तिचं तिला ठाऊक. मला बापडीला एक अक्षर कळेल तर शपथ. वर मलाच डोळे वटारते, जणू मीच मेली अडाणी."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, असं होतं. शब्द विसकटतात, हळूहळू जागेवर येतात. म्हटलं बरं बाबा, येऊ देत. तोवर दात तरी जागेवर आणा."

थोरलीने ॲप्रन काढला. तिला सगळे थोरलीच म्हणायचे. धाकटी जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. जिच्याहून थोरली म्हणायचं ती उरली नव्हती, नाव तेवढं चिकटून राहिलं होतं.

आईचं घर लांब नव्हतं. दोन मजली इमारतीत खालच्या अंगाला दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिवणाचं मशीन, त्यावर कव्हर, आणि मशीनच्या शेजारी दोन खुर्च्या. एकीवर आई बसली होती. दुसरी रिकामी होती, आईकडे थोडीशी वळवलेली. दात नसल्यामुळे आईचे ओठ आत गेले होते आणि हनुवटी नाकाला भेटायला निघाली होती. ती खरंच बोलत होती. हळू, सलग, मध्येच थांबत. पुटपुटण्यातून आधी काहीच वेगळं निघेना. थोरली दारातच चपला काढत होती, आणि त्या पुटपुटण्यातून एक शब्द सुटा होऊन तिच्यापर्यंत आला.

"थुगो."

एक चप्पल पायात, एक हातात, अशी थोरली उभी राहिली.

"काय झालं गं?" मावशी मागून म्हणाली. "आत तरी जा. मला धडकवशील."

हा शब्द या जगात दोनच माणसांना ठाऊक होता. त्यातलं एक माणूस सातव्या वर्षी गेलं होतं. दुसरं माणूस आता हातात चप्पल धरून उभं होतं.

त्या दोघींच्या लहानपणी त्यांचं घर असंच दोन खोल्यांचं होतं. पुढची खोली उन्हाची, मागची सावलीची आणि मध्ये एक अंगण. भाषा थोरलीने काढली, पण कायदा धाकटीचा. धाकटीला कायदे करण्याची भारी हौस. तिने ठरवलं की स्वरांनाही घरं असतात. इ आणि ए उन्हाच्या खोलीत राहतात, उ आणि ओ सावलीच्या खोलीत. आ अंगणात असतो, त्याला कुठेही मुभा. आणि एका शब्दात एकाच घरातली माणसं राहायची. पहिला स्वर ज्या घरातला, त्याच्या मागून येणाऱ्या सगळ्यांनी त्याच घरात जायचं, हट्ट करायचा नाही. पाणी म्हणजे पिमे, पाण्याकडे म्हणजे पिमेरे. अंथरूण म्हणजे तुको, आणि अंथरुणाकडे म्हणजे तुकोरो. रे सावलीत शिरला की त्याचा रो व्हायचाच. कुणी चुकलं तर धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "पाहुण्याला उन्हात उभं केलंस!"

थोरलीचं नाव झेमी, उन्हाच्या घरातलं. धाकटीचं सुगो, सावलीच्या. झेमी बिने, म्हणजे झेमी आहे. सुगो बुनो, म्हणजे सुगो आहे. मात्र भाषा पुरती रुळली तेव्हा धाकटीचे पुढचे वरचे दोन दात पडले होते, आणि तिला स्वतःचं नाव म्हणता येत नव्हतं. ती थुगो म्हणायची. थोरलीने चिडवलं की जीभ त्या खिडकीतून बाहेर काढून दाखवायची. पांघरुणात तोंड खुपसून दोघी बोलत आणि पलीकडे लाकडी फळ्यांच्या आडोशामागे आईचं मशीन घरघरत राही. आईला एवढं काम असायचं की तिला ऐकू येतं हेच दोघींच्या ध्यानात नव्हतं.

मग धाकटीला ताप आला. ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे मुलांना काचेपलीकडे ठेवत, कारण तो ताप एकाचा दुसऱ्याला लागायचा. थोरलीला एकदाच तिथे उभं केलं. काच जाड होती, आवाज पोहोचत नव्हता. धाकटी उशीवरून नुसते ओठ हलवत होती. दोघींना कितीतरी दिवसांपासून एक शब्द हवा होता, "आपण दोघी" अशा अर्थाचा, पण एक उन्हातली नि एक सावलीतली, एका शब्दात दोघींना ठेवणं कायद्यात बसत नव्हतं. त्या दिवशी धाकटीने तो काढला. सगळे स्वर अंगणातले घेतले. तोंड मोठं उघडून चार वेळा आ, आणि मध्ये एकदा दातांच्या खिडकीतून जिभेचं टोक दिसलं. थोरलीने काचेवरून वाचलं. झामाथागा. तिने तसेच ओठ हलवून परत दिलं. आवाज दोघींचाही निघाला नाही. मग नर्सने तिला हाताला धरून बाहेर नेलं.

तेव्हापासून थोरलीचा नेम होता. रोज सकाळी उठल्यावर, पाण्याचा थेंब तोंडात जायच्या आधी, ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि विचारायची, "थुगो बुनो?" मग स्वतःच सांगायची, "झेमी बिने." आणि शेवटी तो काचेवरचा शब्द, नुसता ओठांनी, कारण तो आवाजात जन्मलाच नव्हता. लग्न होऊन परक्या घरी गेली तरी चुकली नाही. नवरा गेला त्या सकाळीही चुकली नाही. एक अक्षर तिने इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं. आपण जपतो म्हणून ते आहे, एवढंच तिला कळत होतं, आणि अशा गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात हेही कळत होतं.

आणि आता आई खिडकीत बसून म्हणत होती, थुगो.

थोरली आईच्या पायाशी बसली. आईने तिच्याकडे पाहिलं, तिच्या केसांवर हात ठेवला आणि बोलत राहिली. त्या पुटपुटण्यातलं थोरलीला फारसं लागत नव्हतं, पण थुगो पुन्हा पुन्हा येत होतं, अगदी तसंच, जीभ फटीतून निसटल्यासारखं. डोळे मिटले की खोलीत सात वर्षांची पोर होती. थोरलीला रडू आलं नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी दार उघडून दिल्यासारखं तिला नुसतं हलकं हलकं वाटलं.

"मावशी, आई आधी कधी असं बोलायची?"

मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "असं म्हणजे? पुटपुटायची तर रोजच. सकाळी मशीन पुसायला बसली की सुरू. मी राहायला आले तेव्हापासून बघतेय. मला वाटायचं स्तोत्र म्हणते. मनात आलं, देवाला कळतंय ना, मग मला कळून काय करायचंय."

"सलग म्हणायची?"

"छे. मध्येच थांबायची. मान अशी कलती करून. कधी कधी हसायची सुद्धा. एकदा मी विचारलं, का गं हसलीस? तर म्हणे, काही नाही. म्हटलं, देव हिच्याशी विनोद करतो, आणि माझ्या वाट्याला नुसती भांडी!"

थोरलीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या बैठकीवर आईने शिवलेली गादी होती, आणि गादीचा मधला भाग बसून बसून दबावा तसा दबला होता. घरात पाहुणे येत असतील, बसत असतील. तिने मावशीला ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. आईच्या तोंडाचा नवा ठसा घेतला, थोरलीने लॅबमध्ये साचा ओतला, आणि मेणाच्या हिरडीत जुन्याच मापाचे दात रोवून कवळी घडवली. पक्की करण्याआधी मेणातली कवळी तोंडात बसवून बघायची असते, म्हणून पुन्हा दोघी गेल्या. कवळी बसली की डॉक्टरबाई माणसाला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायच्या. एकसष्ट, बासष्ट. दात पुढे-मागे असले तर तिथे बरोबर शीळ वाजते.

"आजी, साठ म्हणा बरं. साठ."

आईने जिभेने नवे दात चाचपले. उजवीकडे, डावीकडे. मग रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि ताठ बसून, आवाज चढवून, भरभर बोलायला लागली.

"सुगो," आई म्हणाली.

अगदी स्वच्छ. धारदार स.

"वा!" डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली. "आजी काय बोलल्या ते विचारू नका, पण 'स' फर्स्ट क्लास आलाय! थोरलीबाई, तुमच्या हाताला तोड नाही हो."

थोरलीचं त्या कौतुकाकडे लक्ष नव्हतं. दात आल्याबरोबर आईचं बोलणं ओठांतून बाहेर पडलं होतं आणि आता ते सगळं ऐकू येत होतं. भाषा तीच होती. पण ती आता मुलांची भाषा नव्हती. शब्दांचे शेवटचे स्वर झडले होते, जसे घाईत बोलणाऱ्या बायकांचे झडतात. पिमेचं पिम झालं होतं, बुनोचं बुन. तुकोरो नुसतं तुकर होऊन घसरत होतं. कितीतरी शब्द थोरलीने कधी ऐकलेच नव्हते, पण सगळे कायद्यात होते. एकही पाहुणा उन्हात उभा नव्हता. लहान मुलीचा फ्रॉक वाढवत वाढवत मोठ्या बाईचा करावा, तशी कुणीतरी ती भाषा वर्षानुवर्षं उसवून वाढवली होती. आणि मध्ये मध्ये एक शब्द येत होता, सुगोझुमो. तोही तिला कळला नाही.

डॉक्टरबाईंनी कवळी काढून घेतली. आईचा चेहरा पुन्हा आत गेला.

"थुगो," ती क्षीण आवाजात म्हणाली.

आणि पुन्हा खोलीत सात वर्षांची पोर आली.

कवळी घेऊन थोरली लॅबमध्ये परतली. दुपारची वेळ, पुढे दवाखाना बंद, बाहेर गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं. मेणातली कवळी तिने दिव्याखाली धरली. आता ती हिरडी प्लास्टिकची करायची, घासायची, चकचकीत करायची. एरवी हे काम तिचे हात आपोआप करायचे. आज ती नुसती बसली आणि तो न कळलेला शब्द तोंडात घोळवत राहिली. सुगोझुमो. सुगो म्हणजे धाकटी. मग झुमो? असा शब्द त्यांच्याकडे नव्हता. तिने दोन्ही नावं मिळून म्हणून पाहिली, आई मुलींना हाक मारायची तशी, एका दमात. सुगो-झेमी. सुगोझेमी. रोज, भराभर, हजारदा म्हटलं तर?

तिला कळलं तेव्हा मेणाची सुरी तिच्या बोटांतून खाली पडली.

पहिला स्वर ज्या घरातला, मागच्यांनी त्याच घरात जायचं. कुणीतरी दोघींची नावं रोज एकत्र घेतली होती, धाकटीचं पुढे, हिचं मागे. इतकी वर्षं घेतली की दोन शब्दांचा एक झाला, आणि उन्हातली झेमी तिच्या मागोमाग सावलीच्या घरात जाऊन झुमो झाली. इथे ही जेवत होती, कामाला जात होती, बसची वाट बघत होती आणि तिथे, धाकटी ज्या घरात आहे तिथे, हिलाही रोज बोलावलं जात होतं. हिचं पाटपाणी मांडून ठेवलेलं होतं. थोरलीला आपल्या मानेवर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं झालं. मागे फळीवर कवळ्यांची ओळ होती, दुसरं कुणी नव्हतं. तरी तिने वळून पाहिलंच.

मग तिने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं. तिने सुरी उचलली, दिव्यावर पातं तापवलं आणि मेणात रोवलेले वरचे पुढचे दोन दात उपसून काढले. त्या जागी मेण भरून बोटाने गुळगुळीत केलं. आईला चावायला बाजूचे दात पुरतील. पुढची खिडकी उघडी राहील आणि आई थुगोच म्हणेल. म्हाताऱ्या बाईच्या पुढच्या दोन दातांचं कोण विचारतंय? ते दोन दात तिने तळहातावर घेतले आणि मूठ मिटली.

दुसऱ्या सकाळी तिने नेम केला. "थुगो बुनो?" तिने भिंतीला विचारलं. पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण जिच्याशी बोलतोय ती इथे नाही. जिथे ती होती ती जागा आपण झाडून-पुसून ठेवली आहे, इतकंच.

कवळी पक्की करायचं ती टाळत राहिली. मावशीला सांगितलं, सामान संपलंय. मग सांगितलं, यंत्र बिघडलंय. तिसऱ्यांदा मावशी फोनवर तडकली.

"अगं, तुझं यंत्र सुधारेपर्यंत माझी बहीण राहायची नाही! पातळ करून किती दिवस घालू? चमचा पुढे केला की तोंड फिरवते. काल म्हटलं, ताई, एक घास खा, माझ्यासाठी. तर रडली. डोळ्यांतून टपटप. हाडं लागायला लागलीत गं हाताला. जगाचे दात करतेस आणि आईला बोळकं ठेवतेस?"

थोरली फोन ठेवून तशीच निघाली. पर्समध्ये ती मेणाची कवळी होती, खिडकी असलेली. घालूनच बघू, तिने ठरवलं. बसली तर आजच पक्की करते.

आई खिडकीत होती. मनगट पिशवीच्या दोरीसारखं झालं होतं. थोरली तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, आणि कवळी काढायच्या आधी, का कोण जाणे, तिने तो प्रश्न विचारला. चाळीस वर्षांत माणसासमोर पहिल्यांदा, मोठ्याने.

"थुगो बुनो? झेमी बिने."

आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग तिच्या उतरलेल्या तोंडावर, एकाच बाजूने, हसू आलं. लहान मूल बोबडं बोललं की येतं तसं. तिने थोरलीची हनुवटी धरली आणि हलवली. त्या कौतुकाने थोरलीला इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली. इतकी वर्षं प्राणापलीकडे जपलेलं ते बोलणं या खोलीत बोबडं होतं.

आईने स्वतःच्या बोडक्या हिरडीवर बोट टेकवलं. मग तेच बोट रिकाम्या खुर्चीकडे केलं. तिच्या घशात काहीतरी जुळवाजुळव चालली होती. विसकटलेले शब्द जागेवर येतात म्हणाले होते डॉक्टर. आले. पण अगदी थोडे, आणि आपल्या रोजच्या भाषेतले.

"तिला... दात आले," आई म्हणाली. "केव्हाच."

थोरलीची नजर त्या बोटामागून खुर्चीकडे गेली.

"मोठी झाली," आई म्हणाली, आणि दमून मागे टेकली.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती, हात ओले. "बोलली! आपल्यातलं बोलली! कुणाला दात आले म्हणतेय गं?"

"कुणाला नाही, मावशी," थोरली म्हणाली. "दातांचं विचारतेय. मी घेऊन येते."

लॅबमध्ये येऊन तिने पर्समधून ते दोन दात काढले. डबीत ठेवले होते, कापसात, दुधाचे दात ठेवतात तसे. मेण तापवलं, भरलेली जागा पुन्हा उकरली आणि एकेक दात रोवला. थोडा तिरका झाला, तो सरळ केला. धाकटीने आरशात पाहिलं असतं तर तिला आवडले असते असे, एकमेकांना किंचित चिकटलेले. एरवी काम करताना चालायचा तोच देवाचा जप तिच्या ओठांतून चालू होता. ती कुठल्याच गोष्टीला हट्टाने धरून नव्हती आता. तिला फक्त भीती वाटत होती, आणि भीती वाटत असतानाही हात चालवता येतात हे तिला माहीत होतं.

कवळी पक्की होऊन चकचकीत झाली तेव्हा ती आईकडे गेली. तिने स्वतःच्या हाताने ती बसवली. आईने दात मिटले, उघडले, मिटले. मावशीने सफरचंदाची पातळ फोड पुढे केली. कर्रकन आवाज झाला. मावशीने एकदम पदर डोळ्यांना लावला.

"हळू, ताई! पळून जात नाही सफरचंद. आणि फेकू नकोस हं दात, हे महागाचे आहेत, तुझ्या लेकीने फुकट केलेले!"

आईने पूर्ण फोड खाल्ली, मग आणखी एक. तोंड पुसून घेतलं. मावशी बशी घेऊन आत गेली. मग आई खुर्चीकडे वळली आणि बोलू लागली, मोठ्या बाईशी मोठी बाई बोलते तशी, निवांत. थोरली ऐकत बसली. कानांवर जोर दिला नाही की ते बोलणं थोडंथोडं समजत होतं. पाण्याचं काहीतरी. अंथरुणाचं. मावशीबद्दलचं काहीतरी, कारण आई मिश्कील हसली. सुगोझुमो आलं, आणि थोरलीच्या मानेवर पुन्हा तो गार श्वास आला, पण ती हलली नाही.

आई थांबली. मान कलती झाली. खिडकीचा पडदा हलत नव्हता. आईने दोनदा मान डोलावली, थोरलीकडे पाहिलं, आणि निरोप पोहोचवावा तशी म्हणाली,

"झामसागा."

चारातला एक आ झडला होता. स जागेवर आला होता. बाकी सगळं तेच.

थोरलीने आईचा हात धरला. "आई. हा शब्द तुला कुणी सांगितला?"

आईच्या कपाळावर आठी पडली. असा कसा प्रश्न, असं तिच्या डोळ्यांत होतं. तिने थोरलीकडे पाहिलं, मग शेजारच्या खुर्चीकडे, मग पुन्हा थोरलीकडे, जणू दोघींचं भांडण झालंय आणि त्यात तिला ओढतायत.

"तूच विचार," आई म्हणाली. आणि डोळे मिटले. जेवल्यावर तिला झोप यायचीच. थोड्या वेळात तिचा श्वास लयीत आला, आणि नव्या दातांवर ओठ अलगद मिटले.

आत मावशी भांडी घासत होती. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, पण ते खिडकीपाशी येऊन थांबलं होतं. दोन्ही खुर्च्या सावलीत होत्या. थोरली उठली, मशीनपुढचं स्टूल ओढलं आणि रिकाम्या खुर्चीच्या समोर बसली. आज सकाळी तिने नेम केला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीपुढे बसली होती आणि शब्दच उठला नव्हता. पाणी पण घेतलं नव्हतं, तेवढं बरं झालं. तोंड अजून कोरडं होतं.

तिने जीभ वरच्या दातांमागे नेली. कवळ्या बसवताना हजारदा दुसऱ्यांकडून करवून घेतलेली गोष्ट, पण या एका नावासाठी तिच्या जिभेने ती जागा कधी पाहिलीच नव्हती.

"सुगो," ती म्हणाली. "सुगो, बुन?"

गादीचा मधला भाग दबलेला होता. ती तिकडे पाहत राहिली. मग जे म्हणायला तिला भीती वाटत होती ते तिने म्हटलं, हळू, पण पुरतं आवाजात.

"झुमो बुन."

आणि मान कलती करून थांबली.

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. मावशी दारात आली, एक हात पदरात, आणि खोलीत पाहू लागली. आई झोपलेली, आणि थोरली स्टुलावर बसून रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून खुदकन हसत होती. लहानपणी पांघरुणात तोंड खुपसून हसायची, तशी.

"का गं? का हसलीस?"

थोरलीने वळून पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली.